वाचकांचे प्रश्न : घड्याळ आयते घ्यावे की स्वतः जोडावे?

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या माणसांसाठी, बनवलेल्या घड्याळांचे मला फार वर्षांपासून आकर्षण आहे. काळी तबकडी, फिरणारी कडा, अंधारात चमकणारे ठळक ठिपके हे रूप डोळ्यांसमोरून हलत नाही. पण रोलेक्सचे सबमरीनर माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. तशाच रूपाची, मात्र स्वतःच्या नावाने विकली जाणारी चिनी घड्याळे आठ-दहा हजारांत मिळतात. माझा मित्र म्हणतो, की त्यापेक्षा सुटे भाग मागवून स्वतःचे घड्याळ जोडावे. पंधरा हजारांच्या वर मी जाऊ शकत नाही. काय करावे? आणि असे मिळतेजुळते घड्याळ वापरणे ही फसवणूक तर ठरत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली शेवटची शंका महत्त्वाची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. सबमरीनर आणि ब्लांपां कंपनीचे फिफ्टी फॅदम्स ही दोन्ही घड्याळे १९५३ सालची. फिरणारी कडा, मोठ्या खुणा आणि रुंद काटे ही त्यांची ठेवण पाण्याखाली वेळ चटकन वाचता यावी या गरजेतून आली, आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती इतकी उचलली, की आज ती कोणा एकाची राहिलेली नाही. त्यामुळे तशा रूपाचे घड्याळ बनवणाऱ्याने तबकडीवर स्वतःचे नाव छापले असेल, तर ते वापरण्यात मला काहीही गैर वाटत नाही. गैर सुरू होते ते दुसऱ्याचे नाव किंवा बोधचिन्ह छापल्यावर. तो बनावट माल होय, आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार असा माल बनवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. हाच नियम सुट्या भागांनाही लागू होतो, हे आपल्या मित्रालाही अवश्य सांगा : सुटी तबकडी विकणारे पुष्कळ जण तिच्यावर सेइको किंवा रोलेक्सचे नाव छापून देतात. नाव नसलेली कोरी तबकडी सहज मिळते. घ्यायची तर तीच घ्यावी.

आता मूळ प्रश्न. आपल्याला जे दोन पर्याय वेगळे वाटतात, त्यांचे पोट बहुधा एकच असते. आठ-दहा हजारांच्या अनेक ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणाऱ्या) घड्याळांत सेइको समूहाचे एनएच ३५ हे यंत्र बसवलेले असते, आणि घरी घड्याळ जोडणारे हौशी लोकही बहुतांशी तेच यंत्र मागवतात. त्यात चाकांची झीज कमी करणारे २४ खडे आहेत, ते तासाला २१,६०० ठोके देते, पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चालते, आणि दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे ही चूक उत्पादकाने मान्य केलेल्या मर्यादेतच येते. दणकट आणि भरवशाचे असे हे यंत्र आहे. बिघडलेच तर कारागीर अनेकदा ते उघडून दुरुस्त करण्याऐवजी अख्खे यंत्रच बदलतात, कारण तेच स्वस्त पडते. म्हणजे अचूकतेच्या आणि टिकाऊपणाच्या बाबतीत आयते आणि घरी जोडलेले यांत फारसा फरक नाही. फरक आहे तो बाहेरच्या कामात आणि जबाबदारीत.

स्वतः जोडल्याने पैसे वाचतात हा समज मात्र मनातून काढून टाकावा. केस (घड्याळाचे बाहेरचे कवच), नीलमण्याची म्हणजे सहसा ओरखडे न पडणारी काच, तबकडी, काटे, यंत्र आणि पट्टा यांची बेरीज साधारण बारा-तेरा हजारांपर्यंत सहज जाते. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क वेगळे. आणि भिंग, चिमटे, काटे बसवण्याचे व उचलण्याचे हत्यार, धूळ उडवण्याचा फुगा, मागचे झाकण उघडण्याची किल्ली यांवर आणखी अडीच-तीन हजार जातात. एक काटा वाकला की नवा संच मागवावा लागतो.

काटे बसवण्याचे काम किती नाजूक आहे ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण निर्णय बराचसा त्यावरच अवलंबून आहे. या यंत्रासाठी लागणाऱ्या तासकाट्याचे भोक १.५० मिलिमीटर, मिनिटकाट्याचे ०.९० आणि सेकंदकाट्याचे अवघे ०.२० मिलिमीटर असते. आधी चावी फिरवून तारीख नेमकी पालटते तो क्षण पकडायचा, आणि त्याच स्थितीत तासकाटा व मिनिटकाटा बरोबर बारावर दाबून बसवायचे. हे चुकले तर तारीख मध्यरात्रीऐवजी रात्री अकराला किंवा पहाटे एकला बदलू लागते. दोन्ही काटे एकमेकांना किंवा तबकडीला घासत नाहीत ना, हे पूर्ण बारा तास फिरवून पाहायचे. मग सेकंदकाटा. त्याची दांडी केसासारखी बारीक असते, आणि जरा तिरका दाब पडला की ती वाकते. यानंतर चावीचा दांडा केसच्या मापाने कापावा लागतो. तो लांब राहिला तर पुन्हा कानशीने घासता येतो, पण आखूड झाला की टाकून द्यावा लागतो. शिवाय तबकडीच्या मागचे दोन पाय यंत्राच्या भोकांत बसतात. चावी तीनच्या जागी असलेल्या केसमध्ये चारच्या जागेसाठी बनवलेली तबकडी आणली, तर ते पाय जुळत नाहीत. म्हणून भाग मागवण्याआधी चावीची जागा आणि तबकडीचा व्यास (या यंत्राच्या बहुतेक तबकड्या २८.५ मिलिमीटरच्या असतात) पुन्हा पुन्हा तपासून पाहावेत.

हे सगळे करण्यात ज्यांना आनंद आहे, त्यांनी ते जरूर करावे. स्वतः बसवलेला सेकंदकाटा सरकू लागतो तेव्हा होणारा आनंद विकत मिळत नाही, आणि आत काय चालले आहे हे कळल्यावर माणूस घड्याळाची काळजीही अधिक घेतो. परंतु आपण घड्याळाच्या रूपाबद्दल इतक्या ओढीने लिहिले आहे आणि जोडण्याच्या इच्छेबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. ती कल्पना आपल्या मित्राची आहे. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : आपण आयते घ्यावे.

घेताना यंत्राचे नाव लेखी विचारावे; नुसते ‘जपानी ऑटोमॅटिक’ एवढ्यावर समाधान मानू नये. काच नीलमण्याची असावी, चावी आटे असलेली (फिरवून घट्ट बसणारी) असावी, आणि विक्रेता भारतात हमी देणारा असावा. कडा फिरवताना ती ढिली वाटत नाही ना आणि बाराची खूण तबकडीवरच्या बाराशी नेमकी जुळते ना, हे पाहावे. पाणबुड्यांच्या घड्याळाचे रूप कमी किमतीतही चांगले उतरते, हे आपले सुदैव. घड्याळांचे रूप आखणारे जेराल्ड जेंटा यांनी आखलेल्या आणि १९७२ मध्ये बाजारात आलेल्या ओडेमार पिगे कंपनीच्या रॉयल ओक या घड्याळाचे तसे नाही. त्याची शोभा अष्टकोनी कडेपेक्षाही घासलेल्या आणि चकचकीत पृष्ठभागांच्या काटेकोर सीमारेषांत आहे, आणि दहा हजारांत ती सफाई येत नाही. त्या वाटेला जाऊ नये.

पाण्याविषयी एक इशारा देतो. घरी जोडलेले घड्याळ, केसवर २०० मीटर कोरलेले असले तरी, दाबाची चाचणी झाल्याखेरीज पाण्यात नेऊ नये. झाकणाखालची रबरी कडी किंचित वळली तरी आत बाष्प जाते. आपल्या मित्राने घड्याळ जोडलेच, तर अशी चाचणी करून देणारा कारागीर आधी शोधून ठेवावा.

प्रश्न : इंटरनेटवर दीड-दोन हजारांत रंगीत तबकड्यांची एचएमटी घड्याळे दिसतात. ही जुनी समजावीत की नव्याने जोडलेली? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक वेळा दोन्ही. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. या काळात बनलेली चावीची यंत्रे अजून मुबलक आहेत. ती साफ करून, नव्या छापाची तबकडी लावून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकली जातात. कंपनीने कधी न काढलेले भडक रंग, जाडसर पसरलेली अक्षरे, जुन्या केसवर अगदी कोरी तबकडी या खुणांवरून ती ओळखता येतात. विक्रेत्याने हे उघड सांगितले असेल तर तक्रारीचे कारण नाही. मूळ म्हणून जास्त किंमत लावली असेल तर घेऊ नये.

त्यापेक्षा घरात वडिलांचे किंवा आजोबांचे एचएमटी पडून असल्यास ते दुरुस्त करून घेणे मला कितीतरी अधिक पसंत आहे. मात्र कपाटातून काढल्याबरोबर चावी भरून ते चालवू नये. वर्षानुवर्षांत आतले तेल वाळलेले असते आणि त्या स्थितीत चालवल्यास दातेचाकांच्या दांड्या झिजतात. आधी कारागिराकडून पूर्ण उघडून साफ करून घ्यावे, आणि तबकडी डागाळलेली असली तरी ती बदलू नये असे त्याला आवर्जून सांगावे.