दुखायच्या आधी

चि.,

"ज्याला अजून दुखतच नाही त्याला पेनकिलर कशाला?" असं ऑपरेशनआधीच्या पेनकिलरवरून सर्जन तुला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सगळ्यांसमोर बोलले आणि तुला उत्तर सुचलं नाही. फोनवर तुझा आवाज ऐकून रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

मीसुद्धा कितीतरी वर्षं केस पेपरवर "दुखल्यास द्यावे" एवढंच लिहीत होतो. हर्नियाचा एक पेशंट होता, पन्नाशीचा शेतकरी. दुपारी स्पायनल (पाठीच्या कण्यातून द्यायची भूल) दिली, ऑपरेशन छान झालं. रात्री राउंडला गेलो तेव्हा भूल कधीच उतरली होती. कॉटचा लोखंडी दांडा त्याने असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाला, "सिस्टर कामात होत्या." इंजेक्शन दिलं, पण ते लागू पडेपर्यंत मी नुसता शेजारी उभा.

म्हणून सांगतो, दुखायच्या आधी द्यायचं. चिरा बसला की तिथे प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं रसायन तयार होऊ लागतं, मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात, मग साधा खोकलाही सहन होत नाही. स्पायनलमुळे मेंदूला कळत नाही एवढंच, जखमेतलं काम चालूच असतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही पेनकिलर प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादन अडवतात (अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं असं करतात हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं), आधीच तयार झालेलं पुसून टाकत नाहीत. गोळी तासभर आधी पोटात हवी ती यासाठी.

चिऱ्याआधी दिलं काय नि नंतर दिलं काय, फरक किरकोळ, असं सांगणारे अभ्यास आहेत. वाचलेत मी. पण ते बहुतेक आधीचा आणि लगेच नंतरचा डोस ताडून बघतात. आपल्या वॉर्डात "नंतर" म्हणजे पेशंट कण्हायला लागल्यावर! मी हट्टी आहे असं लोक म्हणतात, म्हणू देत. तो दांडा त्यांनी पाहिलेला नाही.

मात्र डोळे मिटून देऊ नकोस. किडनी, अल्सर, अ‍ॅस्पिरिनने उठणारा दमा हे विचारलंच पाहिजे. हार्ट बायपासच्या पेशंटला तर नाहीच. सर्जनना रक्तस्रावाची धास्ती असेल तर सेलेकॉक्सिब ही याच प्रकारची गोळी सुचव, तिने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना धक्का लागत नाही. आणि पुढचे डोस घड्याळावर लिही, "दुखल्यास" नको. दुखायच्या आधी, पुन्हा सांगतो.

उद्याच्या लिस्टमधल्या पहिल्या पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आज रात्रीच बघून ठेव. आणि सर्जनशी सकाळी चहाच्या वेळी बोल, ओटीत नको.

तुझा,
सर