खूप लांबलचक, गमतीदार आणि जादूने भरलेली कादंबरी सुचवाल का?

डोळे मिटून सुझॅना क्लार्कची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ घ्या. २००४ साली आली, पुढच्या वर्षी विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पानं आठशेच्या आसपास, आणि लिहायला बाईंनी दहा वर्षं घेतली.

काळ नेपोलियनच्या युद्धांचा. इंग्लंडमधली जादू केव्हाच लोपलेली. उरलेत ते तिच्यावर नुसती चर्चा करणारे विद्वान. मग नॉरेल नावाचा एक कुढा, पुस्तकं दडवून ठेवणारा गृहस्थ यॉर्कच्या कॅथेड्रलमधल्या दगडी मूर्तींना बोलतं करतो. पुढे पावसाची जहाजं बनतात, युद्धभूमीवरचे रस्ते जागा बदलतात, आणि हे सगळं सरकारी कामकाजाच्या गंभीर चेहऱ्याने सांगितलेलं! खरी धमाल तळटिपांत आहे. त्यात अख्ख्या परीकथा दडल्यात, कधीकधी मूळ मजकुरापेक्षा रंगलेल्या. त्या गाळू नका. (मी पहिल्या वाचनात गाळल्या होत्या. मूर्खपणा.)

एक सांगतो, सुरुवात संथ आहे. शीर्षकातला स्ट्रेंज नीट भेटेपर्यंत वीसेक प्रकरणं जातात, तोवर नॉरेलची किरकिर सोसा. सात भागांची बीबीसीची मालिकाही आहे, २०१५ची. चांगली आहे, पण तिच्यात तळटिपा कुठून येणार?