नागपुरात दुरुस्त करून विकायला ठेवलेल्या 1960च्या काळातल्या सागवानी खुर्च्या आई-वडिलांसाठी घ्याव्यात का? विक्रेता त्यांना 'चंडीगड स्टाइल' म्हणतो. कूलरच्या हवेत टिकतील का?

घ्यायला हरकत नाही. पण विक्रेता म्हणतो त्या 'चंडीगड स्टाइल'साठी एक रुपयाही जास्त मोजू नका. स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे 1951 ते 1965 चंडीगडला होता, तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी त्याने तिरप्या पायांच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या केल्या. त्या पुढे परदेशी लिलावांत लाखांनी गेल्या आणि नकला सगळीकडे निघाल्या. खुर्चीमागे रंगवलेला सरकारी खात्याचा नंबर हा काही पुरावा नव्हे, तो कोणीही रंगवू शकतो.

दुकानात खुर्ची उलटी करा. पॉलिश वरून सगळ्यांचंच चकचकीत असतं, खरी गोष्ट खाली कळते. पाय आणि बैठकीची चौकट जिथे जुळतात तिथे बघा. जुन्या सुतारांनी कुसू (लाकडाचं पुढे काढलेलं टोक) खाचेत बसवून सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा डिंक) लावलेला असतो. सरस गरम पाण्याने मऊ होतो, त्यामुळे सांधा सुटला तरी पुन्हा नीट बसवता येतो. तिथे कुणी खिळा किंवा लोखंडी पट्टी ठोकली असेल तर लाकूड चिरायची वेळ येणार, ती खुर्ची सोडून द्या. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून ती तिरपी हलवा, कुरकुर ऐकू आली तर भाव पाडा. गडद पॉलिशखाली सागाचा कडेचा पांढरट भाग लपवलेला असतो, कीड तिथेच लागते. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की ओळखा.

पॉलिश कोणतं, हे कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन मागच्या पायावर घासलं की कळतं (विचारून घासा हो!). बोळा तपकिरी आणि चिकट झाला तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं. ते दिसायला सुंदर, पण चहाचा गरम कप ठेवला की पांढरा डाग.

सागवान नागपूरचा उन्हाळा सोसतो, इतर बऱ्याच लाकडांपेक्षा तो कमी फुगतो-आकसतो. तरी कूलरच्या थेट झोतासमोर ठेवू नका. मे महिन्यात दुपारी कोरडी खोली, संध्याकाळी ओली हवा, मग पावसाळा, यात सांधे ढिले पडतात. वेताची बैठक थोडी लोंबली तर खालून कोमट ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळवा, ती ताणून बसते. तुटली असेल तर विणणारा शोधा. लकडगंजात लाकूडवाल्यांना विचारलं की कोणी ना कोणी पत्ता देतं.

आई-वडिलांसाठी घेताय म्हणून एक सांगतो. या खुर्च्या बहुधा बुटक्या असतात. बैठक जमिनीपासून 16 इंचांच्या खाली असेल तर दुखऱ्या गुडघ्यांनी उठणं अवघड जातं. खुर्चीचे हात पुढपर्यंत आलेले हवेत, उठताना भार तिथेच येतो. दुकानात आईलाच बसवून, उठवून बघा.

आणि टेम्पोत चढवताना हमालांना सांगा, खुर्ची तिच्या हातांना धरून उचलायची नाही, बैठकीच्या चौकटीला धरून.