बँडमधला दुसरा गिटारिस्ट म्हणतो स्टॉक पिकअप काढून टाक. बदलू का?

"दुसरा गिटारिस्ट म्हणतो" एवढं वाचलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं, बाकीचा प्रश्न नंतर वाचला. तर मधल्या रेंजची गिटार, दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप; पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून ॲम्पला सिग्नल देणारा भाग), ब्रिजचा, म्हणजे तारा बसतात त्या टोकाचा पिकअप डिस्टॉर्शनवर गढूळ वाटतो, आणि हे साहेब म्हणतायत स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलेला पिकअप म्हणजे कचरा. बदलू का? आत्ता नका बदलू. आधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

आमच्याही बँडमध्ये असा एक नमुना होता. नाव नको, टोनमहाराज म्हणू. वाजवायचा चांगला, ते मी कधीच नाकारलं नाही, पण प्रत्येक रिहर्सलला माझ्या ॲम्पसमोर येऊन उभा राहणार, मान तिरकी करणार आणि सगळ्यांदेखत "अरे काय हा चिखल, किती वेळा सांगितलं पिकअप बदल म्हणून". ड्रमरला टोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं पण हळूहळू तोही मान डोलवायला लागला. महाराजांनी स्वतःच्या गिटारमध्ये हाय आउटपुट पिकअप टाकलेला, त्यामुळे "माझा सोळा के आहे, तुझा आठ तरी आहे का" हे वर ऐकून घ्यायचं. आता हा के म्हणजे किलोओहममध्ये मोजलेला कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, तो म्हणजे आउटपुट नव्हे. वायर ४२ गेजच्या ऐवजी ४३ ची बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांना रेझिस्टन्स जास्त येतो, आवाज काही त्या हिशोबात वाढत नाही. मॅग्नेट कुठला, वेढे किती, हे बघायला लागतं. हे सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "तू वाचतोस जास्त आणि वाजवतोस कमी".

तर एका रिहर्सलच्या आदल्या रात्री मी शांतपणे गिटार घेऊन बसलो. बघतो तर ब्रिजचा पिकअप इतका वर की शेवटचा फ्रेट दाबला तर जाड तार पोलपीसला, म्हणजे पिकअपवर तारेखाली असतो त्या लोखंडी खुंटीला, टेकायला आलेली. गिटार सेकंडहँड, आधीच्या मालकाने "आवाज वाढवायला" वर चढवला असणार, बरेच जण करतात. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पोलपीस यांच्यात ब्रिजला साधारण १.६ मिमी आणि नेकच्या बाजूच्या पिकअपला २.४ मिमी हे गिब्सन गिटारवाल्यांचं सुरुवातीचं माप, तिथून सुरू केलं. मग कानाने, जाड तारांची बाजू अजून थोडी खाली, बारीक तारांची तिथेच, आणि बारीक तारांखालचे पोलपीसचे स्क्रू किंचित वर. बस. तारा मुद्दाम जुन्याच ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी ॲम्पचा एकही नॉब हलवला नाही, कारण मला माहीत होतं नंतर उलटतपासणी होणार आहे.

पहिलं गाणं संपलं आणि महाराज माझ्याकडे वळले, चेहऱ्यावर विजय. "बदललेस ना शेवटी! कुठला टाकलास?" मी म्हटलं स्टॉकच आहे, स्क्रू फिरवलेत. हसायला लागला. त्याला वाटलं मी ब्रँड लपवतोय. गिटार उलटी करून मागची प्लेट उघडून फॅक्टरीचे सोल्डर दाखवले, हातच लागलेला नाही त्यांना. तर म्हणे आज ॲम्प कोपऱ्यापासून लांब ठेवलाय म्हणून असं वाटतंय. ॲम्प तिथेच होता! त्याला चाकं पण नव्हती! आणि आजही कुठे चार लोकांत भेटला की सांगतो, माझ्या सांगण्यावरून याने पिकअप बदलले तेव्हा कुठे आवाज सुधारला.

असो. यामागे जादू काही नाही. जाड तारा जास्त थरथरतात, पिकअप जवळ असला की त्यांचाच सिग्नल बाकीच्यांवर चढून बसतो, तो ॲम्पच्या पहिल्या स्टेजला धडकतो आणि डिस्टॉर्शनमध्ये सगळा लगदा होतो. सिंगल कॉइलमध्ये तर मॅग्नेट तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर जाड तारा बेसूर वाटायला लागतात आणि लोक गिटारच्या इंटोनेशनला (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागण्याला) शिव्या घालतात. पिकअप बिचारा आहे तसाच असतो.

तुमच्याकडे उंची बरोबर निघाली तर पुढचं बघा. गेन, म्हणजे ॲम्पमध्ये आवाज फोडणारा नॉब, किती ठेवताय? घरी एकट्याने वाजवताना भारी वाटणारा गेन बँडमध्ये निम्म्यावर आणायला लागतो, हे तुमच्या त्या मित्रालाही सांगा. केबल किती लांब आहे? साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, म्हणजे दहा मीटरची केबल लावलीत आणि मध्ये बफर (सिग्नल लांब केबलसाठी मजबूत करणारं सर्किट) नसेल तर वरची फ्रिक्वेन्सी तिथेच खाल्ली जाते आणि नाव पिकअपचं खराब होतं. मागची प्लेट उघडून पॉटवरचा, म्हणजे व्हॉल्यूम-टोन नॉबखालच्या भागावरचा आकडा वाचा, हंबकरला ५०० के पाहिजे, २५० के असेल तर आवाज दबणारच, तो पॉट बदलणं पिकअपपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि स्पीकर! लोक पिकअपवर पिकअप बदलतात आणि ॲम्पमध्ये तोच डबड्यासारखा वाजणारा छोटा स्पीकर.

आणि या हाय आउटपुट वेडाबद्दल एकदा बोलूनच टाकतो. दिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा हाय आउटपुट पिकअप १९७२ चा. ॲम्पला जोरात ढकलून फोडायचं तर गिटारकडून जास्त सिग्नल पाहिजे हा त्यामागचा विचार, कारण तेव्हाच्या बऱ्याच ॲम्पमध्ये स्वतःचा गेनच फारसा नव्हता. आता प्रत्येक ॲम्पमध्ये आणि पेडलमध्ये गेन ओसंडून वाहतोय, तिथे सोळा के घेऊन काय करणार? आणि ज्या जुन्या पीएएफची, म्हणजे गिब्सनच्या सुरुवातीच्या हंबकरची, पूजा चालते ना, सेथ लव्हरने गिब्सनमध्ये १९५५ मध्ये हंबकर तयार केला तो हम, म्हणजे विजेची घूं घूं, घालवायला, आणि सुरुवातीच्या पीएएफमध्ये वेढे कमीजास्त, मॅग्नेट हाताला लागेल तो, दोन पीएएफ एकसारखे निघतील याची खात्री नाही. महाराजांना हे सांगितल्यावर ते दोन रिहर्सल बोलले नाहीत माझ्याशी.

आता तुम्ही म्हणाल हा माणूस पिकअप बदलायच्या विरोधात आहे. तसं नाहीये, माझ्या दुसऱ्या गिटारचा ब्रिज पिकअप मी बदललाय. तो शिट्टी मारायचा, तारा हाताने दाबून धरल्या तरी गेन वाढवला की कर्कश्श किंचाळणार, म्हणजे कॉइल आतून सैल, मायक्रोफोनिक. मेणात बुडवून बघितला, नाही गेलं, काढला. तसंच कॉइल मेला असेल तरी बदलाच. व्हॉल्यूम पूर्ण उघडून केबल लावा, दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर, साध्या हंबकरला साताआठ के च्या आसपास दिसलं तर ठीक, निम्मं किंवा काहीच्या काही आकडा आला तर पिकअपमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये घोळ आहे. सिंगल कॉइलवाल्यांना हम नको असेल तर शिल्डिंगने बझ कमी होईल पण हम जाणार नाही, तिथेही बदलणं बरोबर. आणि सगळं करून झाल्यावर क्लीनवरसुद्धा आवाज आवडतच नसेल, तर बदला ना, गिटार तुमची आहे.

फक्त गढूळपणा घालवायला अजून गरम, म्हणजे हाय आउटपुटचा पिकअप घेऊ नका, उलट कमी आउटपुटचा अल्निको मॅग्नेटवाला बघा. ब्रिजपाशी तारांमधलं अंतर मोजून घ्या, पोलपीसचं अंतर ४९ मिमीचंही मिळतं आणि ५२-५३ चंही. काढायच्या आधी वायरिंगचे फोटो काढा, जुन्या पिकअपच्या वायर आखूड कापू नका आणि फेकू तर अजिबात नका.

आणि काहीही बदलायच्या आधी एक रिफ रेकॉर्ड करा, उंची लावल्यावर तीच रिफ, तेच सेटिंग, परत. दोन्ही फाइल नाव न देता त्या दुसऱ्या गिटारिस्टला पाठवा आणि विचारा, सांग बघू, नवीन पिकअप कुठल्यात आहे. तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा, मला ते एका माणसाला पाठवायचंय.