त्या चार बॅचेसचं काय केलंस?

प्रिय मुली,

तुझा मेल जर्मनीतल्या रात्री दोनला निघालेला दिसला. सोबत एक्सेलची शीट. प्रोजेक्टमधल्या सगळ्या पीएचडीवाल्यांची नावं, पुढे प्रत्येकाचे पेपर, आणि तुझ्या नावापुढचं शून्य तू लाल रंगात केलंयस. खाली एकच ओळ : "मॅडम, माझा आउटपुट काहीच नाही का?"

शीट मी लगेच बंद केली. मला अस्वस्थ केलं ते वरच्या परिच्छेदानं. तिथे तू जाता जाता लिहून गेलीयस की पहिल्या बॅचला ८१ टक्के यील्ड आलं, म्हणजे मिळायला हवा त्यातला एवढा पदार्थ हाती आला, पुढच्या चार बॅचेस दहा टक्क्यांच्या वर गेल्याच नाहीत, आणि गाइड म्हणतात पेपरमध्ये पहिलीच बॅच घालू, कारण वसंतात समीक्षक येणार आहेत. अगं, पत्र तिथून सुरू व्हायला हवं होतं! शून्याचं काय ते मला विचारतेस, आणि त्या चार बॅचेसचं काय, हे कुणालाच विचारत नाहीस.

जे झालं ते सगळं लिही. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

ज्या संस्थेच्या पैशावर तुझी जागा आहे, त्या डीएफजीच्या, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या जर्मन संस्थेच्या, जुन्या कामाकडे एकदा नीट बघ. ३० ऑक्टोबर १९२० ला ती 'नोटगेमाइनशाफ्ट' या नावानं सुरू झाली. नोट म्हणजे अडीनड. देश युद्ध हरलेला, परदेशी नियतकालिकं घ्यायलाही पैसे नाहीत, अशी अवस्था. ती उभी करणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर होता. त्याला मी संत मानत नाही, पहिल्या महायुद्धात क्लोरीन वायूचा मारा घडवून आणणारा तोच. पण समुद्रातल्या सोन्याची त्याची गोष्ट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली आहे. जर्मनीवर १३२ अब्ज गोल्ड मार्कांची युद्धभरपाई लादली होती. हाबरनं ठरवलं, समुद्राच्या पाण्यातून सोनं काढून ती फेडायची. जुन्या मोजण्यांप्रमाणे एका टन पाण्यात काही मिलिग्रॅम सोनं होतं. १९२५ ते १९२७ 'मेटेओर' जहाज नोटगेमाइनशाफ्टच्या पैशावर दक्षिण अटलांटिकच्या या काठावरून त्या काठावर येरझाऱ्या घालत होतं, त्यावरूनही नमुने गोळा झाले. सोनं निघालं ते जुन्या आकड्यांच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आधी जे दिसत होतं, त्यातलं बरंचसं रीएजंटमधून, म्हणजे तपासणीसाठी वापरलेल्या रसायनांतून, आणि भांड्यांतून आलेलं होतं. हाबरनं काय केलं? १९२७ मध्ये हे सगळं छापलं. सोनं नाही, का नाही, आणि आधी का दिसत होतं, सगळं. त्याच जहाजानं प्रतिध्वनीनं समुद्राच्या खोलीच्या ६७ हजारांवर नोंदी केल्या, अटलांटिकच्या तळाची डोंगररांग त्यातून स्पष्ट झाली. मोहिमेचा प्रमुख आल्फ्रेड मेर्त्स पहिल्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये वारला, तरी काम थांबलं नाही. तुझ्या शीटमध्ये या मोहिमेपुढे कोणता आकडा घालशील?

आणि याच संस्थेनं १९४१ ते १९४५ मध्ये 'गेनेरालप्लान ओस्ट'लाही पैसा दिला. कोनराड मायर नावाच्या कृषिशास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झालेला, पूर्व युरोपातल्या कोट्यवधी माणसांना हुसकावून तिथे जर्मन वसवण्याचा आराखडा. हाही कागदोपत्री आउटपुटच होता. पुढे कित्येक दशकांनी डीएफजीनं इतिहासकार बसवून स्वतःचीच दप्तरं उघडली आणि २००६ मध्ये त्या आराखड्यावर फिरतं प्रदर्शन काढलं. जे झालं ते सगळं लिहिण्याची वेळ संस्थेवरही येते. उशिरा आली तर ती फार जड जाते.

आता तुझ्या धास्तीबद्दल. मोजणीच्या या वेडाला लगाम घालायचा प्रयत्न तिथे कधीच सुरू झालाय, तुझ्या कॉफीरूममध्ये त्याचा पत्ता नसेल तर तो भाग वेगळा. १९९७ मध्ये कॅन्सर संशोधनातलं बनावट डेटाचं मोठं प्रकरण बाहेर आलं, त्यानंतर १९९८ मध्ये डीएफजीनं चांगल्या संशोधनाच्या शिफारशी काढल्या. २०१० पासून अर्जदाराला स्वतःचे जास्तीत जास्त पाचच पेपर दाखवायची मुभा राहिली. २०२२ पासून दहा पेपर, आणि त्याखेरीज दहापर्यंत इतर गोष्टी : डेटासेट, सॉफ्टवेअर, प्रीप्रिंट म्हणजे समीक्षेआधीच खुला केलेला पेपर. म्हणजे तुझ्या चार बॅचेसचा नीट मांडलेला डेटासेटसुद्धा तिथे बसतो. डीएफजीच्या २०१९ च्या आचारसंहितेत १९ कलमं आहेत. बारावं उघडून वाच : गृहीतकाला आधार न देणारे निकालही नोंदवायचे, निवडून निवडून घ्यायचे नाहीत. तेरावं सांगतं की कामाचे उगाच तुकडे करून छापू नका. मूळ डेटा साधारण दहा वर्षं सांभाळायचा, हेही त्याच संहितेत आहे. मी तुला बंड करायला सांगत नाहीये. तुझ्या गाइडनाही हे नियम लागू आहेत, एवढंच शांतपणे टेबलावर ठेवायचं.

हे मी इतक्या हट्टानं का सांगते, तेही ऐक. तुझ्याच वयाची असताना मीही तिथल्या एका लॅबमध्ये होते. एक कपलिंग रिॲक्शन, दोन रेणू एकमेकांना जोडणारी. पोटॅशियम कार्बोनेटची एक अर्धी वापरलेली बाटली होती, तपकिरी काचेची, लेबलचा कोपरा आम्लानं खाल्लेला. त्या बाटलीतून घेतलं की रिॲक्शन सुरेख जायची. नवी बाटली उघडली आणि ११ वेळा काहीच नाही. मी वहीत अकराही रन लिहिले. गाइड म्हणाले, याला निकाल म्हणत नाहीत. पेपरमध्ये जुन्या बाटलीचे आकडे गेले, बाटलीचा उल्लेख नाही. मी गप्प बसले. माझं नाव पहिलं होतं ना.

चार वर्षांनी एका परक्या देशातल्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. आठ महिने तो ती रिॲक्शन करत होता, जमत नव्हती. अतिशय नम्रपणे विचारलं होतं त्यानं, आपलं कुठे चुकतंय? मी त्याला उत्तर दिलं नाही. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. जुन्या बाटलीत कुठल्या तरी धातूचा अंश असणार आणि रिॲक्शन त्याच्याच जोरावर जात असणार, हे तोवर मला कळून चुकलं होतं. दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्याचे पुढचे महिने वाचले असते. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि वहीही लॅबबरोबर गेली.

त्यानंतर मी तीनदा करून बघितल्याशिवाय काहीही छापलं नाही. माझ्या नावावर सगळे मिळून १९ पेपर आहेत. बढतीच्या वेळी माझ्या मागून आलेले पुढे गेले, एका समितीत मला तोंडावर विचारलं गेलं, एवढ्या वर्षांत एवढंच? मी तेव्हा नीट बोलू शकले नाही, म्हणून आज तुला सांगते : त्या १९ पैकी कुठलाही उचल, लिहिल्याप्रमाणे कर, तो जमतो. कुणाचे आठ महिने मी पुन्हा खाल्ले नाहीत. हे मी स्वतःच्या समाधानासाठी सांगतेय असं तुला वाटेल. वाटू दे, थोडं आहेही तसं. पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्या एका पत्राचा.

तुझी अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. तीन वर्षांचं कंत्राट, ६५ टक्के पगार, व्हिसा, घरी आईला दर रविवारी सगळं छान चाललंय म्हणून सांगायचं. पण पाचपैकी चार वेळा न जमणारी गोष्ट 'जमते' म्हणून छापलीस, तर पुढची दोन वर्षं तुला त्याच पेपरवर उभं राहून काम करायचं आहे. ते कसं करशील?

तेव्हा आधी एक कर. पहिल्या बॅचला वापरलेल्या प्रत्येक बाटलीचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक, वहीत लिही, नंतरच्या चार बॅचेसचेही लिही, शेजारी शेजारी. पानांचे फोटो काढून मला पाठव. आणि पहिल्या बॅचची बाटली अजून कपाटात असेल, तर कुणी आवराआवरीत फेकण्याआधी तिच्यावर तुझं नाव आणि आजची तारीख चिकटव. सोमवारी गाइडना भेटण्याआधी फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
मॅडम