वाचकांचे प्रश्न : गाभाऱ्यातला खून आणि ऐनवेळचा मंत्र

प्रश्न : पुराणकथा आणि मंत्रतंत्र यांनी भरलेल्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या मला मनापासून आवडतात. मात्र नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीत बंद गाभाऱ्यात खून होतो आणि तोवर कुठेही न आलेल्या एका मंत्राच्या बळावर खुनी भिंतीतून आत शिरला होता, असे शेवटच्या प्रकरणात कळते. माझे वडील म्हणतात, की जिथे जादू चालते तिथे रहस्य उरतच नाही. हे खरे आहे का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या वडिलांच्या बाजूने भक्कम साक्षीदार आहेत. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने (तो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे) १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले आणि त्यांत अलौकिक शक्तींना सरळ मज्जाव केला. तरीही आपली फसगत जादूने केली, असे मला वाटत नाही. ती लेखकाने केली. मंत्र आहे हे त्याने खून होण्यापूर्वी सांगितले असते, तो कोणाला येतो, त्याची किंमत काय आणि तो कुठे चालत नाही हेही ओघात येऊन गेले असते, तर तोच शेवट आपल्याला चोख वाटला असता.

आपल्या पुराणांना ही शिस्त फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हिरण्यकशिपूचा वर आठवून पाहा. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही आणि शस्त्राने तर नाहीच. सगळ्या वाटा श्रोत्यासमोर एकेक करून बंद केल्या जातात आणि मग उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, मांडीवर घेऊन, नखांनी त्याच अटींमधून वाट काढली जाते. नरसिंहाचा अवतार हा चमत्कारच आहे, पण उकल चमत्काराच्या जोरावर होत नाही, ती वराच्या शब्दांतून होते. जयद्रथाच्या वधातही हेच दिसते. त्याचे मस्तक जो जमिनीवर पाडील त्याच्याच मस्तकाची शकले होतील, असे त्याच्या बापाचे वचन असते. म्हणून अर्जुनाचे बाण ते मस्तक संध्येला बसलेल्या त्या बापाच्याच मांडीवर नेऊन टाकतात, बाप उठतो आणि मस्तक त्याच्याच हातून खाली पडते. कृष्ण ही अट अर्जुनाला अगदी ऐनवेळी सांगतो खरा, पण मस्तक उडवण्याआधी सांगतो. आपल्या कादंबरीकाराला तेवढेही जमले नाही.

म्हणून अशी कादंबरी वाचताना पहिला मंत्र, पहिला शाप किंवा पहिला ताईत जिथे येईल तिथे थोडे रेंगाळावे आणि त्या शक्तीची मर्यादा काय सांगितली आहे ते लक्षात ठेवावे, कारण बहुतेक वेळा धागा तिथेच दडलेला असतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ‘हे चेटूक आहे’ असे सर्वांत आधी कोण म्हणतो, हे पाहावे. ज्या काळात राजापासून मोतद्दारापर्यंत सगळे शापावर विश्वास ठेवतात, त्या काळात शाप खरा असो वा नसो, त्याचे परिणाम खरेच असतात. शापित समजला गेलेला माणूस एकटा पडतो, त्याच्या हातचे कोणी खात नाही, त्याच्या दारावर पहारा राहत नाही, आणि खुनी नेमका याचा फायदा घेतो. श्रद्धेलाच हत्यार करणारी ही युक्ती आजच्या शहरात घडणाऱ्या रहस्यकथेला सहज साधत नाही, आणि या प्रकाराची खरी गोडी मला तरी इथेच वाटते.

प्रश्न : अशा कादंबरीतले काय खरे आणि काय रचलेले, हे तपासत वाचावे का?
– एक वाचिका, महाल, नागपूर

उत्तर : पहिल्या वाचनात मुळीच नको, दर पानाला मोबाइल उघडला तर गोष्ट हातची जाते. पुस्तक संपल्यावर मात्र अवश्य तपासावे, आणि त्यासाठी नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्याची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता पती निधन पावल्यावर येथून राज्यकारभार पाहत होती, आणि तिच्या नावाची मातीची मुद्रा नगरधनच्या उत्खननात सापडली आहे. पुण्यात मिळालेल्या, तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षाच्या ताम्रपटात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. पुढे रिद्धपूरच्या ताम्रपटात मात्र दामोदरसेन आणि प्रवरसेन या मुलांची नावे येतात, दिवाकरसेनाचे येत नाही. युवराजाचे काय झाले, हे दोन्ही ताम्रपट सांगत नाहीत. त्या रिकाम्या जागेत कादंबरीकाराने विषकन्या आणावी, वेताळ आणावा, रामटेकच्या देवळातल्या केवल नरसिंहालाही साक्षीला बोलवावे, माझी काही हरकत नाही. मात्र त्याने दिवाकरसेनाला तिच्या कारभाराच्या दहाव्या वर्षीच सिंहासनावर बसवले, तर तेराव्या वर्षीही त्याला युवराजच म्हणणारा पुण्याचा ताम्रपट त्याला खोटे पाडील.