गाठ कोणाची, गर्दी कोणाची

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) या विषाणूमुळे कर्करोगाच्या गाठीभोवतीच्या पेशींत काय फरक पडतो, हा तुझा प्रश्न मोलाचा आहे. परंतु त्यासाठी तू टॉन्सिलच्या आणि गालाच्या आतल्या गाठी एकाच तक्त्यात घेतल्या आहेस, आणि तिथेच मला तुला थांबवावेसे वाटते.

टॉन्सिलच्या खोबणींतले अस्तर मुळातच जाळीदार असते. त्यात लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, शिरलेले असतात आणि त्याखालचा पडदा जागोजागी तुटक असतो. विषाणू, बहुतेक वेळा १६ क्रमांकाचा एचपीव्ही, तिथे ठाण मांडतो. पी५३ आणि आरबी ही पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिने. विषाणूचे ई६ हे प्रथिन पी५३ चा नाश घडवते, ई७ हे आरबीला निकामी करते, आणि ई६-ई७ या दोहोंवाचून गाठीच्या पेशींचे भागत नसल्यामुळे त्या ही प्रथिने बनवतच राहतात. शरीराला ती सर्वस्वी परकी वाटतात, म्हणून सीडी८ टी-पेशी (बाधित पेशींना मारणारे लिम्फोसाइट) आणि बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणारे लिम्फोसाइट) मोठ्या संख्येने गाठीत शिरतात. तरीही गाठ वाढते, कारण यांतल्या अनेक टी-पेशी पीडी-१ हा लगाम घालणारा रेणू धारण करून थकलेल्या असतात, त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशीही सोबत असतात, आणि विषाणूचे ई५ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील, टी-पेशींना परके प्रथिन दाखवणारे एचएलए रेणू कमी करून तिला लपायला मदत करते.

आता दोन स्लाइड शेजारी ठेवून पाहा. टॉन्सिलच्या गाठीत केराटिन (त्वचेतले कठीण प्रथिन) फारसे नसते आणि गाठीच्या पेशींच्या बेटांमध्ये निळ्या बारीक लिम्फोसाइटांची दाटी दिसते. तंबाखूने झालेल्या गालाच्या गाठीत पुष्कळदा गुलाबी केराटिनचे मोती आणि भोवती राठ तंतुमय ऊती दिसते. ही दाटी पाहून हरखून जाऊ नकोस. टॉन्सिल हाच लिम्फोसाइटांचा अवयव आहे, त्यामुळे तिथली काही गर्दी गाठीच्या आधीपासूनची असते. उमेदवारीच्या काळात मी काठावरच्या जुन्या लिम्फोसाइटांची संख्या गाठीच्या खात्यात जमा केली होती आणि सगळी मोजणी पुन्हा करावी लागली होती. म्हणून पेशींच्या बेटांच्या आत शिरलेले लिम्फोसाइट वेगळे मोज, भोवतालच्या ऊतीतले वेगळे, आणि तुलना टॉन्सिलच्याच एचपीव्ही नसलेल्या गाठींशी कर.

दुसरी काळजी पी१६ या प्रथिनाची. आरबी निकामी झाले की पी१६ साठते, म्हणून घशातील गाठींत ७० टक्के किंवा त्याहून अधिक पेशींच्या केंद्रकात आणि पेशीद्रवात ठळक रंग आला, तर तो एचपीव्हीचा अप्रत्यक्ष पुरावा मानतात. गालाच्या गाठीत ही खूण विश्वासाची नाही, आणि घशातही काही वेळा पी१६ असते पण विषाणू नसतो. ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) शिल्लक असेल तिथे ई६-ई७ चा आरएनए तपासून घे. विषाणू तिथे नुसता आहे की काम करतो आहे, हे त्यावरूनच कळते.

हा भेद रुग्णाच्या आयुष्याशी जोडलेला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी ०१२९ या रुग्णांवरील उपचार-चाचणीच्या विश्लेषणात, घशाच्या कर्करोगात एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. मात्र १० पॅक-वर्षांहून (एक पॅक-वर्ष म्हणजे वर्षभर रोज एक पाकीट) अधिक धूम्रपान आणि मानेतील लसिकाग्रंथींत कर्करोगाचा मोठा प्रसार असेल, तर एचपीव्ही असूनही धोका वाढत होता.

इथे आपल्याकडची गोष्ट विसरू नकोस. पॅक-वर्षे सिगारेट मोजतात. मिश्री, गुटखा आणि चुन्यासह मळलेली तंबाखू मोजत नाहीत. तुझ्या अर्जात फक्त 'धूम्रपान : होय / नाही' असा रकाना आहे. त्यात खाण्याच्या तंबाखूचा प्रकार, दिवसातल्या खेपा आणि वर्षे असे तीन रकाने वाढव, आणि रुग्णाशी बोलताना 'व्यसन आहे का' असे न विचारता 'दात कशाने घासता' इथून सुरुवात कर. मिश्री लावणाऱ्या बाईला ते व्यसन वाटतच नाही.

सोमवारी टॉन्सिलच्या पहिल्या दहा स्लाइड घेऊन ये. बेटांच्या सीमा आपण दोघी मिळून आखू.

तुझी,
मार्गदर्शक